गोदातीरींची पावली

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे काश्मीरचीं सरोवरें, म्हैसूरचा राजवाडा किंवा निदान महाबळेश्वरचे कडे वाचकांच्या डोळ्यांपुढें उभे राहतात. परभणी जिल्ह्याचें वर्णन लिहावयास घेतलें, तर ऐकणारा प्रथम हंसतो आणि मग विचारतो, "तेथें पाहण्यासारखें काय आहे ?" परभणीकर या प्रश्नाला 'जगांत जर्मनी, भारतांत परभणी' ही आपली म्हण ठसक्यांत ऐकवून मोकळे होतात. आम्हांस मात्र उत्तर जरा विस्तारानें द्यावयाचें आहे. कारण गेल्या माघांत आम्हीं तेथें जें पाहिलें, तें नुसतें पाहून भागलें नाहीं, त्यांत उतरावें लागलें.

आम्ही म्हणजे साठी उलटलेलें एक जोडपें. बरोबर आमच्या वडीलबंधूंच्या पत्नी होत्या. घरांत लहानथोर सर्वजण त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून येथेंही तेंच नांव ठेवितों. वहिनींचें वय बहात्तर. आमचें घर भरलेलें आहे; मुलें, सुना, नातवंडें यांचा गलबला असतो. वडील माणसांचा मान राखला जातो, औषधें वेळेवर हातांत येतात, खिडकीजवळची उजेडाची खुर्ची त्यांच्यासाठीं मोकळी असते. "वहिनी, तुम्ही बसा हो" हें वाक्य दिवसांतून दहा वेळां कानीं पडतें. तें प्रेमाचेंच असतें. पण दहा वेळां ऐकल्यावर माणूस खरोखरच बसतें, आणि एकदां बसलें कीं त्याला उठविण्याचें कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. गंगाखेड तालुक्यांत नदीकांठच्या एका खेड्यांत आमचें आजोळ. तेथें माघांत हरिनाम सप्ताह होता आणि मामेभावाचें आग्रहाचें बोलावणें आलें होतें. वहिनी आपण होऊन म्हणाल्या, "मीहि येतें." सुनांनीं गुडघ्यांचा प्रश्न काढला, वहिनींनीं पिशवी भरली.

परभणीस जाणें सोपें आहे. मुंबईहून रात्रीची गाडी धरली म्हणजे मनमाडवरून छत्रपति संभाजीनगर, जालना, सेलू आणि मानवत रोड हीं स्टेशनें मागें टाकून सकाळीं परभणीचें जंक्शन येतें. जुन्या काळीं या नगराला प्रभावतीनगरी म्हणत, असें सांगतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. आज जिल्ह्यांत ९ तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणें वस्ती सुमारें १८ लाखांची. शहरांत १९७२ सालीं स्थापन झालेलें कृषि विद्यापीठ आहे. या काळ्या भूमींत कापूस, ज्वारी आणि सोयाबीन यांचाच संसार असल्यामुळें तें येथें शोभतें.

परभणीहून गंगाखेड सुमारें ४० किलोमीटर. वाटेंत पोखर्णीचा नृसिंह भेटतो, पुढें दैठणा लागतें. माघाचे दिवस असल्यामुळें दोहों बाजूंस ज्वारी डोक्यावर कणसांचीं ओझीं घेऊन उभी होती, आणि मधूनच एखाद्या मचाणावरून पांखरें हाकलणाऱ्याची आरोळी ऐकूं येई. मग एकदम जमीन खोल उतरते आणि गोदावरी दिसते. इकडचीं माणसें तिला गोदावरी म्हणत नाहींत. तिचें नांव गंगा. पूल ओलांडला कीं गंगाखेड.

गंगाखेड हें संत जनाबाईंचें जन्मस्थान. तेराव्या-चौदाव्या शतकांतली ही मुलगी लहानपणीं पंढरपुरास दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या घरीं दासी म्हणून राहिली. नामदेवांचें जन्मगांव म्हणून मानलेलें नरसी हेंहि १९९९ सालीं हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यांतच मोडत असे. जनाबाईंच्या नांवावर सुमारें साडेतीनशें अभंग आहेत. दळण, कांडण, झाडलोट, शेणगोठा हीं कामें त्यांनीं देवाच्या सोबतीनें केलीं असें त्या सांगतात. विद्वत्ता नाहीं, कुळ नाहीं, मालकीचें घर नाहीं. तरी बोलण्यांत कोठें दबलेपण नाहीं. त्यांच्या देवळांत आम्ही गेलों तेव्हां दहापांच वृद्ध स्त्रिया भिंतीशीं बसून वाती वळीत होत्या. वहिनी त्यांच्यापाशीं बसल्या आणि दर्शन झाल्यावरहि बराच वेळ उठल्या नाहींत.

याच तालुक्यांत गोदातीरावर धारासूर हें गांव आहे. तेथील गुप्तेश्वराच्या प्राचीन मंदिराच्या बाह्यांगावर कारागिरांनीं सुरसुंदरी कोरल्या. मराठवाड्याच्या भूमींत नाच हा देवळाच्या भिंतीवर शोभला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. आमच्या पांढरपेशा घरांत मात्र 'नाचणें' हा शब्द बहुधा रागवण्यासाठींच उपयोगांत येतो. लहान मूल नाचलें तर कौतुक. तरुण मुलगी नाचली तर शिकवणी लावून, परीक्षा देऊन. आणि केस पिकलेलें माणूस नाचलें तर हंसें. पाऊल उचलण्याचा परवाना वयाबरोबर रद्द होतो, असा जणूं अलिखित कायदाच आहे.

आतां आमच्या आजोळच्या सप्ताहाकडे वळूं. मराठवाड्यांतील सप्ताहाचा दिनक्रम ठरलेला असतो. पहांटे चारला काकडा, मग विष्णुसहस्रनाम आणि ज्ञानेश्वरीचें पारायण, दुपारीं गाथाभजन, पुढें प्रवचन, सायंकाळीं हरिपाठ, रात्रीं कीर्तन आणि त्यानंतर जागर. सात दिवस वीणा खालीं ठेवावयाची नाहीं; एकाच्या गळ्यांतून दुसऱ्याच्या गळ्यांत जावयाची. देवळापुढें कापडी मांडव, जमीन शेणानें सारवलेली, कोपऱ्यांत मोठाल्या पातेल्यांतून वरणाचा वास. गांवांतलें प्रत्येक घर आळीपाळीनें पंगतीचा भार उचलतें. शिधा कोणाकडून आला, हें वाढणाऱ्याखेरीज कोणास ठाऊक नसतें.

या सगळ्यांत आम्हांस खिळवून ठेवलें तें सायंकाळच्या हरिपाठानें. ज्ञानेश्वरांचा हरिपाठ म्हणजे २७ अभंग. कांहीं प्रतींत फलश्रुतीचा एक धरून २८. शहरांतील घरीं तो दिवेलागणीला बसून, पोथी समोर ठेवून म्हणतात. इकडे तो उभ्यानें म्हणतात, आणि पायांनींहि म्हणतात. समोरासमोर दोन ओळी उभ्या राहतात. मध्यें मृदंगी आणि गळ्यांत वीणा घेतलेला विणेकरी. प्रत्येकाच्या हातांत टाळ. पहिला अभंग संथ असतो. उजवें पाऊल पुढें पडतें, टाळ वाजतो, डावें त्याला येऊन मिळतें, मग दोन्हीं तशींच मागें. ओळी जवळ येतात, दूर जातात. वरून पाहिलें तर नदीच्या पाण्याची लाट कांठाला लागून परतावी तसें दिसेल. पुढें लय चढते. कंबर लवते, टाळ जमिनीजवळ वाजतो आणि दुसऱ्याच क्षणीं डोक्यावर; अर्धी गिरकी, पूर्ण गिरकी, आणि शेवटीं 'ज्ञानबा-तुकाराम' या गजरावर ओळींतला प्रत्येकजण उडी घेतो. याला पावली म्हणतात.

पुरुषांच्या ओळी एका बाजूस, स्त्रियांच्या दुसऱ्या. तरुण मंडळी शेतांतून आणि शाळांतून यावयाचीं असल्यामुळें पहिल्या दिवशीं दोन्हींकडे मुख्य भरणा वयस्करांचाच होता. स्त्रियांच्या ओळींत पन्नाशीच्या आंतली आम्हांस एकहि दिसली नाहीं. नऊवारीचा कासोटा घट्ट, कपाळीं बुक्का, पायांत कांहीं नाहीं. कोणाची पाठ वाकलेली, कोणाचे दांत गेलेले; एकीचा गुडघा वाकत नव्हता, ती जागच्या जागीं डुलून टाळ धरी. तिच्यामुळें ओळ बिघडली असें कोणास वाटत नव्हतें. ओळच तिच्यापाशीं जरा थांबून पुढें जात होती.

पहिले दोन दिवस आम्ही तिघेंहि मांडवाच्या खांबाला टेकून पाहत उभे होतों. शिकलेल्या माणसाला पाहत उभें राहण्याची संवय फार. तिसऱ्या दिवशीं ओळींतील एक वृद्धा टाळ वाजवतां वाजवतां वहिनींकडे पाहून म्हणाली, "या की माय, दुरूनच काय बघूलालाव ? पायाला मेंदी लावली का ?"

वहिनी संकोचून म्हणाल्या, "मला नाहीं हो येत."

"डावा उजवा कळतो ना ? मंग झालं."

आणि तिनें आपल्या शेजारची हातभर जागा मोकळी केली. एवढाच प्रवेशाचा विधि. वर्गणी नाहीं, अर्ज नाहीं, वयाची अट असलीच तर उलटी. कोणीतरी वहिनींच्या हातांत टाळ दिला. इकडे मामेभावानें आम्हां दोघांपैकीं एकाचा दंड धरून पुरुषांच्या ओळींत ओढलें. दुसरीला वहिनींच्या पाठोपाठ जाण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. वहिनी लग्न होऊन आमच्या घरीं आल्या तेव्हां फुगडींत त्यांचा हात धरणारी बाई सबंध वाड्यांत नव्हती. श्रावणांतल्या मंगळागौरीच्या जागरणांत झिम्मा, पिंगा, बसफुगडी, गोफ या खेळांना त्यांच्यावांचून रंग चढत नसे. ३१ वर्षांपूर्वीं आमचे वडीलबंधु वारले. त्यानंतरच्या मंगळागौरींना वहिनी स्वयंपाकघरांत असत. वाटल्या डाळीला मीठ पुरेसें आहे कीं नाहीं तें पाहत. त्यांना कोणीं मनाई केली नव्हती. कोणीं बोलावलेंहि नव्हतें. सवाष्णींचा तो खेळ, इतकेंच. आपल्या घरांतल्या कित्येक गोष्टी अशाच, कोणी न बोलतां ठरून जातात.

या खेड्यांतल्या ओळींत सवाष्ण कोण आणि नसलेली कोण, ही विचारपूस कोणी केली नाहीं. कपाळीं बुक्का सर्वांनाच सारखा लागत होता. वहिनींचीं पहिलीं चार पावलें बावरलेलीं पडलीं. मग टाळाचा ठोका सांपडला, आणि ज्या पायांना जिना चढतांना कठड्याचा आधार लागतो, ते पाय सारवलेल्या जमिनीवर असे पडूं लागले कीं, ती बोलावणारी वृद्धा मोठ्यानें हंसली. लय चढली तेव्हां वहिनी उड्या मारावयास गेल्या नाहींत. वयाचें भान त्यांनीं सोडलें नाहीं. परंतु गिरकी मात्र पुरी घेतली. आम्ही आपापल्या ओळींतून तें पाहिलें. त्या क्षणीं आम्हांलाहि आमचें पाऊल चुकतें कीं बरोबर पडतें याची चिंता उरली नव्हती.

हरिपाठ संपला आणि त्याहून मोठी परीक्षा पुढें आली. वारकऱ्यांत रीत अशी कीं, शेवटीं सर्वांनीं एकमेकांच्या पायां पडावयाचें. वय, जात, शिक्षण पाहावयाचें नाहीं. समोरचा तो माऊली. वहिनींच्या पायां ती वृद्धा पडली आणि वहिनी तिच्या पायां पडल्या. आमच्या पुढें एक शेतमजूर आला. त्याच्या टाचांच्या भेगांत काळी माती होती. तो वाकला, आम्हीहि वाकलों. वाकण्याला अर्धा पळ लागतो. पण पिढ्यानपिढ्या केवळ नमस्कार घेण्याची संवय असलेल्या कमरेला तो अर्धा पळ लहान नसतो, आणि तो गेल्यावर जें हलकेपण येतें तेंहि लहान नसतें.

पांचव्या दिवशीं ओळींत एक जागा रिकामी राहिली. ज्या बाईचा गुडघा वाकत नसे, ती आली नव्हती. हरिपाठ चालू असतांना त्या जागेवर कोणी सरकलें नाहीं. तो संपतांच तिघी-चौघी तशाच टाळांसकट तिच्या घराकडे निघाल्या. वहिनीहि त्यांच्याबरोबर गेल्या. बाईला रात्रीं ताप भरला होता आणि घरचीं माणसें शेतावर होतीं. एकीनें पेज केली, एकीनें मुलाला निरोप धाडला, संध्याकाळच्या आंत तिला गंगाखेडच्या डॉक्टरांकडे पोंचविलें. आठव्या दिवशीं काल्याच्या कीर्तनाला ती मांडवांत बसून होती; लाह्या-दह्याचा काला तिला प्रथम दिला.

परततांना वहिनी गाडींत पुष्कळ वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आपल्या घरीं मी एक दिवस खुर्चींत दिसलें नाहीं, तर माणसांना वाटेल मी आंत पडलें आहें." त्यांत तक्रार नव्हती. पण आम्हांला त्या ओळींतली रिकामी ठेवलेली जागा आठवली. मान आणि जागा या दोन वेगळ्या वस्तु आहेत. मान घरबसल्या मिळतो. जागा मिळण्यासाठीं, आपल्यावांचून कांहींतरी अडावें लागतें.

हा विचार केवळ गोदातीरींचा आहे असें नव्हे. अमेरिकेंत ॲरिझोना संस्थानांत सन सिटी नांवाची निवृत्त माणसांची नगरी १९६० सालीं वसली. तेथें १९७९ पासून वयस्क स्त्रियांचें एक नृत्यपथक आहे; हातांत रंगीत झिरमिळ्यांचे गोंडे घेऊन, घोषणा देत, त्या मिरवणुकींतून नाचतात. त्याची हकीकत वाचून टोकिओच्या फुमिए ताकिनो या बाईंनीं १९९६ सालीं, वयाच्या ६३ व्या वर्षीं, 'जपान पॉम पॉम' हें पथक काढलें; त्यांत येणाऱ्या बाईचें वय निदान ५५ असावें लागतें. तिकडे गोंडे, इकडे टाळ. तिकडे आरोळी, इकडे गजर. फरक इतकाच कीं, त्यांना तें नवें काढावें लागलें आणि आपल्याकडे तें शतकानुशतकें देवळापुढें चालत आलें आहे.

वैद्यकशास्त्राचें म्हणणेंहि ऐकण्यासारखें आहे. न्यूयॉर्कचे डॉ. जो व्हर्गीज आणि त्यांचे सहकारी यांनीं ७५ वर्षांवरील ४६९ माणसांची अनेक वर्षें पाहणी करून २००३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचें प्रमाण कमी आढळलें. आणि शारीरिक हालचालींपैकीं असा संबंध दिसला तो एकट्या नृत्यांतच. नाचल्यामुळें बुद्धि टिकते, कीं बुद्धि शाबूत असलेलीं माणसेंच नाचतात, हें अशा पाहणीनें पुरतें ठरत नाहीं. पण पावली घालणाऱ्याला एकाच वेळीं अभंगाचे शब्द, टाळाचा ठोका, आपलें पाऊल आणि शेजारणीचें पाऊल हीं चारहि सांभाळावीं लागतात, हें आम्ही अनुभवानें सांगूं शकतों.

ज्या वाचकांच्या घरीं वडील माणसें आहेत, त्यांच्यासाठीं दोन व्यवहाराच्या गोष्टी. सप्ताहाला जावयाचें तर माघ-फाल्गुनांत जावें, ऊन सोसवतें. फरशी गार असते, म्हणून सारवलेल्या मांडवांत उभें राहणें बरें. सुरुवात संथ अभंगांची आहे, तेवढ्यांतच पाऊल घालावें आणि लय चढली म्हणजे जागच्या जागीं टाळ धरावा. त्यांत कमीपणा नाहीं. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर डॉक्टरांना आधीं विचारावें. टाळ आधीं विकत घेण्याची जरुरी नाहीं. ओळींत उभें राहिलें कीं कोणीतरी देतो. गंगाखेड दूर वाटलें तर आपल्या गांवच्या विठ्ठलमंदिरांतहि एकादशीला दोन ओळी उभ्या राहत असतात. तेथें चौकशी करावी.

वहिनींनीं येतांना गंगाखेडच्या बाजारांत कांशाचे टाळ घेतले. आमच्या घराजवळ एक मारुतीचें देऊळ आहे. तेथील बायकांच्या भजनीमंडळांत त्या आतां दर गुरुवारीं जातात. पहिल्या गुरुवारीं सूनबाई सोबतीला गेली, दुसऱ्या गुरुवारीं धाकटी नात. गेल्या श्रावणांत घरीं धाकट्या सुनेची मंगळागौर होती. रात्रीं फुगड्यांना आरंभ झाला तेव्हां त्या नातीनें स्वयंपाकघराच्या दाराशीं जाऊन, "आजी, पायाला मेंदी लावली का ?" असें विचारलें. तें वाक्य तिनें कोणाकडून ऐकलें होतें, हें सांगावयास नकोच. वाटली डाळ त्या रात्रीं थोडी अळणी झाली होती; पण तें कोणाच्या ध्यानांतहि आलें नाहीं.